आपल्या माणसांवर बेतलेलं नसताना धर्मगुरूंनी तोंड उघडावं का? (उइघुर, ब्रिटनचे रब्बी वगैरे)

थेम्सकाठची
नमस्कार मंडळी. चार वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

२०१९ मध्ये माझी रोजची बस उत्तर लंडनमधल्या चिनी वकिलातीच्या एका इमारतीवरून जायची. समोरच्या फुटपाथवर अधूनमधून एक गृहस्थ उभे दिसायचे. काळा कोट, डोक्यावर किप्पा (ज्यूंची छोटी गोल टोपी), हातात पाटी. पाऊस असला की पाटीला प्लास्टिकची पिशवी चढवलेली. मला वाटायचं इस्रायलचं काहीतरी असणार. एकदा बस सिग्नलला अडकली आणि पाटी नीट वाचता आली, तर ती चीनमधल्या छावण्यांत डांबलेल्या उइघुर मुसलमानांबद्दल! कर्मठ ज्यू माणूस, एकटा, उइघुरांसाठी भिजत उभा. बसमध्ये कुणी मान वर करून बघितलंही नाही.

मग जुलै २०२० मध्ये बीबीसीवर चिनी राजदूतांना तो ड्रोनचा व्हिडिओ दाखवला गेला. आठवत असेल तुम्हाला. मुंडन केलेली डोकी, डोळ्यांवर पट्ट्या, रेल्वे स्टेशनाबाहेर ओळीनं बसवलेली माणसं. त्यावर ब्रिटनचे माजी मुख्य रब्बी जोनाथन सॅक्स यांनी लिहिलं की आमचा इतिहास ठाऊक असलेल्या ज्यू माणसाला डोकी भादरलेली, रांगेत उभी केलेली, गाडीत भरलेली माणसं बघणं फारच जड जातं. बोर्ड ऑफ डेप्युटीज या ब्रिटिश ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी थेट राजदूतांना पत्र पाठवून नाझी जर्मनीची आठवण करून दिली. आणि डिसेंबरात, ज्यूंच्या हनुक्का सणाच्या ऐन दिवसांत, सॅक्स यांच्यानंतरचे मुख्य रब्बी एफ्राइम मर्विस यांनी गार्डियनमध्ये लेख लिहिला: उइघुरांच्या हालांबद्दल मी आता गप्प राहू शकत नाही.

ब्रिटनमध्ये ज्यू किती? अडीच-तीन लाख. चीनशी त्यांचं भांडण काय? काही नाही. म्हणून प्रश्न पडला. आपल्या समाजाला झळ लागलेली नसताना परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या लोकांसाठी धर्मगुरूंनी जाहीर बोलावं का? की पडद्याआडून काय ते करावं? आणि बोलून काही होतं का?

नाना_फटकळ
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. चीननं रब्बींचा लेख वाचून छावण्यांना कुलूप लावलं का? नाही ना. मग संपला धागा.

अर्धाकप
नाना आले. शंभरी नक्की. चहा टाकतो.

वकीलीण
नाना, कुलूप लावण्याच्या मापानं मोजलं तर जगातलं एकही निवेदन पास होणार नाही.

थोडं तपशिलात. तेव्हा ब्रिटिश संसदेत व्यापार विधेयक चालू होतं. लॉर्ड ऑल्टन वगैरे मंडळींनी त्यात दुरुस्ती आणली की ज्या देशात वंशसंहार चालू असल्याचं न्यायालय म्हणेल, त्याच्याशी व्यापार करार नको. बोर्ड ऑफ डेप्युटीजनं तिला पाठिंबा दिला. सरकार विरोधात होतं, पाठीशी ऐंशी जागांचं बहुमत. तरी जानेवारी २०२१ मध्ये कॉमन्समध्ये (कनिष्ठ सभागृहात) ती पडली ती ३१९ विरुद्ध ३०८ अशी, म्हणजे अकरा मतांनी. सत्ताधारी पक्षाचेच खासदार फुटले होते. एप्रिलमध्ये त्याच सभागृहानं उइघुरांचा वंशसंहार होतोय असा ठराव केला. बंधनकारक नव्हता, पण झाला. डिसेंबर २०२१ मध्ये जेफ्री नाइस यांच्या खासगी न्यायाधिकरणानं निष्कर्ष काढला की सक्तीनं जन्म रोखणं हा वंशसंहारच. (मिलोसेविचवर खटला चालवला तेच हे नाइस.) ऑगस्ट २०२२ च्या शेवटच्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल आला. त्यात वंशसंहार शब्द नाही, पण मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात असं म्हटलंय.

आता यात रब्बींचा वाटा किती? ते तराजूत घालता येत नाही. पण 'वंशसंहार' हा शब्द उच्चारायला बिचकणाऱ्या खासदाराला, ज्यांच्यावरून तो शब्द जन्मला तेच लोक म्हणताहेत, याचा आधार वाटतो. राफाएल लेमकिन हा पोलंडचा ज्यू वकील. १९४४ मध्ये हा शब्द त्यानं घडवला आणि ९ डिसेंबर १९४८ ला त्यावर करार करवून घेतला. नातेवाईक गमावलेला, खिशात पैसा नसलेला माणूस प्रतिनिधींच्या मागे मागे फिरून करार पास करून घेतो. त्यालाही लोक विचारत असणारच, बोलून काय होतं म्हणून.

नाना_फटकळ
वकीलीणबाई, फी किती घेता?

वकीलीण
शब्दावर. तुम्हाला स्वस्त पडेल.

उसळ_पाव
त्याच महिन्यातली, जुलै २०२० ची, बातमी मला अजून विसरता येत नाही. अमेरिकेच्या कस्टम्सनं १३ टन केसांचा माल जप्त केला. गंगावनं, टोप वगैरे, उइघुरांच्या शिनच्यांग प्रांतातून आलेला. सक्तीच्या मजुरीचा संशय होता. केस कुणाचे हे कुणी सांगितलं नाही. माझी बायको पार्लर चालवते. रात्री जेवताना मी तिला बातमी वाचून दाखवली, तिनं ताटावरून हात काढून घेतला. आउशविट्झच्या संग्रहालयात काचेमागे केसांचा ढीग ठेवलाय, तो ज्यांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल त्यांनी ही बातमी कशी वाचली असेल?

सातमजली
सगळं छान आहे. पण हेच रब्बी गाझाबद्दल काय बोलले ते सांगा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं.

अर्धाकप
आलं. एकूण सात प्रतिसाद लागले. मी पाच धरले होते.

थेम्सकाठची
@सातमजली, प्रश्न येणार माहीत होतं आणि तो गैर नाही. मर्विस इस्रायलचे ठाम समर्थक आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण 'हेच रब्बी' म्हणजे कोण? जुलै २०२५ मध्ये जगभरच्या हजाराहून जास्त रब्बींनी सही करून गाझातल्या उपासमारीबद्दल इस्रायल सरकारला जाब विचारला. पुढाकार घेणाऱ्यांत इथल्या उत्तर लंडनचेच जोनाथन विटनबर्ग होते. खुद्द इस्रायलमध्ये 'मानवी हक्कांसाठी रब्बी' नावाची संघटना १९८८ पासून आहे. ऑलिव्हच्या तोडणीला पॅलेस्टिनी शेतकऱ्यांबरोबर शेतात जाऊन उभे राहतात, इस्रायली वसाहतवाल्यांचा मार खातात.

माझा प्रश्न मुद्दाम 'परक्या' राजवटीपुरता ठेवलाय. घरच्या राजवटीविरुद्ध बोलणं हे वेगळंच प्रकरण आहे आणि जास्त अवघड.

सातमजली
तेच म्हणतोय. परक्यावर बोलणं सोपं.

मॉस्कोरिटर्न
सोपं? एक उदाहरण देतो, मग ठरवा.

पिंखास गोल्डश्मिट. जन्म झुरिकचा, १९९३ पासून मॉस्कोचे मुख्य रब्बी. मी तिथे नोकरीला होतो तेव्हा एका कार्यक्रमात लांबून पाहिलं होतं, एवढीच काय ती ओळख. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. वरून दबाव आला की युद्धाला पाठिंबा द्या. त्यांनी नकार दिला आणि दोन आठवड्यांत देश सोडला. तीस वर्षं उभं केलेलं सगळं मागे टाकून. वर्षाअखेरीला बाहेरून सांगितलं की रशियातल्या ज्यूंनी जमतंय तोवर निघावं. जून २०२३ मध्ये रशियानं त्यांना 'परदेशी एजंट' जाहीर केलं.

आता दुसरी बाजू. त्याच मॉस्कोत बेरेल लझार आहेत, रशियाचे मुख्य रब्बी. (हो, दोन वेगवेगळे मुख्य रब्बी. ज्यूंमध्ये ते चालतं.) ते राहिले. शांततेचं आवाहन केलं, पुतिनचं नाव घेतलं नाही. पण मे २०२२ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव म्हणाले की हिटलरमध्ये ज्यू रक्त होतं, तेव्हा लझार यांनी जाहीरपणे माफी मागायला सांगितलं.

कोण बरोबर? गेलेला माणूस मोकळेपणानं बोलू शकतो, पण मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आजीचं प्रेत दफन कोण करणार? राहिलेला माणूस दफन करतो, पण जीभ चावून. मला दोघांपैकी कुणालाही भित्रा म्हणवत नाही.

नाना_फटकळ
हा प्रतिसाद आवडला. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत म्हणणार नाही.)

शनिवारतेली
आयडीवरून कळलंच असेल. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. धागा रात्री दोनदा वाचला, म्हणून लांबण लावतोय.

मॉस्कोरिटर्न यांनी जे दोन मार्ग सांगितले ते शेकडो वर्षं जुने आहेत. युरोपात ज्यूंचा एक श्तादलान असायचा. राजाच्या, सरदाराच्या दरबारात ज्याची ऊठबस आहे असा माणूस. गावावर संकट आलं की हा थैली घेऊन, चांगला अंगरखा चढवून जायचा आणि हळू आवाजात रदबदली करायचा. आपल्याकडच्या पेशवाईतल्या वकिलासारखा समजा. आरडाओरडा केला तर राजा चिडेल आणि आहे तेही जाईल, हे त्यामागचं गणित. अजूनही निम्मे धर्मगुरू मनानं श्तादलानच असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्यानं जीव वाचलेत.

दुसरीकडे तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, स्पष्ट लिहिलंय, मराठी बायबलात लेवीय १९:१६ बघा. शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना नुसता उभा राहू नकोस. यावर वाद एवढाच की शेजारी कोण. आपलाच माणूस, की कोणीही? जुन्या टीकाकारांत दोन्ही मतं सापडतात. मर्विस, सॅक्स यांनी 'कोणीही' असा अर्थ घेतला. आणि मर्विस यांच्या घरात ते होतं. वडील दक्षिण आफ्रिकेत रब्बी. वर्णभेदाविरुद्ध प्रवचनं द्यायचे आणि रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांना भेटायला जायचे. आई कृष्णवर्णीय बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षण कॉलेजची प्राचार्य. घरात हे बघत वाढलेला मुलगा साठीनंतर लेख लिहितो यात नवल नाही. थोडा उशीर झाला असंच मी म्हणेन. छावण्या २०१७ पासून आहेत.

आता आमचं गाऱ्हाणं. रब्बी मंडळींना एवढं डोक्यावर घेऊ नका. आमच्याकडे रब्बी नव्हतेच कधी. हजान असायचा, तोच प्रार्थना म्हणायचा, बाकी मुकादम बघायचा. देवळाला आमचे म्हातारे मशीदच म्हणायचे. मांडवीतली आमची सर्वांत जुनी मशीद १७९६ ची, आणि मस्जिद स्टेशनला नाव तिच्यावरून पडलं असं आमचे लोक छातीठोक सांगतात. असो. तर आमचे लोक इस्रायलला गेले, आणि १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, यित्झाक निसीम यांनी, फर्मान काढलं की बेने इस्रायली माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याच्या आई-आजीपर्यंत चौकशी करा, हे खरे ज्यू आहेत का बघा. दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांना हे सांगायचं! १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, मराठी बोलणाऱ्या बायका मुलं कडेवर घेऊन रस्त्यावर बसल्या. शेवटी त्यांच्या संसदेला मध्ये पडावं लागलं आणि फर्मानातून आमचं नाव गेलं. तेव्हा धर्मगुरू कुणासाठी बोलतो हे बघताना तो दारातल्या माणसाशी कसा वागला तेही बघा.

उसळ_पाव
तेलीकाका, कडक. घाण्याचा बैल शनिवारी काय करायचा?

शनिवारतेली
तोही सुट्टी. तोरात तसंच आहे, बैलालाही विश्रांती. गंमत नाही.

गोदावरी_काठ
'बोलून काय होतं' याचं मला सापडलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर थेट वर्ध्याला येऊन पोहोचतं.

नोव्हेंबर १९३८. जर्मनीत ९-१० तारखेच्या रात्री सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली, दुकानांच्या काचा फोडल्या, हजारोंना धरून छावण्यांत टाकलं. दहा दिवसांनी गांधींनी शेगावात बसून (तेव्हा सेवाग्राम हे नाव पडायचं होतं) 'हरिजन'साठी लेख लिहिला. मथळा 'ज्यू'. त्यात पॅलेस्टाईनवरही मतं होती, पण मुख्य सल्ला असा की जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा.

त्याला जेरुसलेमहून दोघांनी उत्तर लिहिलं, फेब्रुवारी १९३९ मध्ये. एक मार्टिन बूबर, तत्त्वज्ञ. दुसरे जुडा मॅग्नस, हे मुळात अमेरिकेतले रब्बी, हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख आणि स्वतः युद्धविरोधी. दोघंही गांधींना मानणारे. म्हणून ती पत्रं वाचताना त्रास होतो, चिडलेल्या भक्ताची पत्रं आहेत ती. मॅग्नस यांचा मुद्दा साधारण असा: तुम्ही मिठासाठी चालत समुद्रावर गेलात तेव्हा सगळं जग बघत होतं. तुम्ही उपास केला की व्हाइसरॉयची झोप उडते. जर्मनीत माणूस रात्री उचलला जातो आणि तळ्यावर तरंगसुद्धा उठत नाही. बघणारं कुणी नसेल तर सत्याग्रह कुणापुढे करायचा?

गांधींनी या पत्रांना उत्तर दिल्याचं कुठे आढळत नाही.

तर माझ्या मते रब्बींचा लेख बीजिंगसाठी नसतोच. कैद्याला आवाज करता येत नाही, तेव्हा बाहेरच्यानं करायचा. मॅग्नसना १९३९ मध्ये तो तरंग हवा होता. तो कुणी उठवला नाही हे ज्यांना ठाऊक आहे ते आता उठवताहेत.

वकीलीण
+१. या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत टाकला.

नाना_फटकळ
ठीक. पण १९४३ मध्ये तरंग उठवला होता की. काय झालं?

अर्धाकप
नानांनी वाचन केलंय! कोण आहात तुम्ही, आमच्या नानांना कुठे ठेवलंत?

नाना_फटकळ
हलके घ्या म्हणायची सोय नाही इथे. ऐका. ऑक्टोबर १९४३, योम किप्पुर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवसाच्या तीन दिवस आधी, सुमारे चारशे कर्मठ रब्बी वॉशिंग्टनला मोर्चा घेऊन गेले. लांब दाढ्या, काळे झगे. युरोपातल्या ज्यूंना वाचवा म्हणून. उपाध्यक्ष येऊन भेटले. रूझवेल्ट भेटले नाहीत, दुसऱ्या दारानं निघून गेले. त्यातही मजा अशी की अध्यक्षांना भेटू नका असा सल्ला देणाऱ्यांत त्यांच्या जवळचे ज्यूच होते. तेलीकाकांचे ते श्तादलान. मोर्चा काढणाऱ्यांना गावंढळ समजले.

थेम्सकाठची
नाना, तुमच्याच उदाहरणाचा पुढचा भाग सांगते. त्या मोर्चानं आणि भोवतीच्या गदारोळानं अमेरिकी काँग्रेसमध्ये विषय तापला आणि जानेवारी १९४४ मध्ये रूझवेल्टना निर्वासितांसाठी वेगळं मंडळ नेमावं लागलं. कारणं इतरही होती, अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांनी आतून जोर लावला होता. पण त्या मंडळामुळे हजारो जीव वाचले. उशिरा, पण वाचले.

नाना_फटकळ
हजारो. साठ लाखांपैकी.

थेम्सकाठची
हो.

रिकामटेकडा_पुणे
पुण्याचं कुणी काही बोललं नाही म्हणून आलो. लाल देऊळ!! आमचं पुण्यातलं सिनेगॉग, डेव्हिड ससूननं बांधलेलं. धन्यवाद.

उसळ_पाव
जाता जाता, ससून म्हटल्यावर एक आठवलं. धाग्याशी संबंध आहे, ऐका. ससून गोदी, ससून हॉस्पिटल बांधणारं हे बगदादी ज्यू घराणं मुंबईतून थेट शांघायला गेलं. माल कुठला? अफू. मुंबईच्या धक्क्यावरून चीनमध्ये अफू नेऊन जो पैसा झाला त्यातून भायखळ्याचं सिनेगॉग आणि शांघायच्या नदीकाठच्या इमारती उभ्या राहिल्या. आणि मग १९३८ ते ४१ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातून पळालेल्या ज्यूंना जगात कुठे व्हिसा मिळेना तेव्हा शांघायचं दार उघडं होतं. अठरा-वीस हजार लोक तिथे वाचले. चीन आज त्याचं संग्रहालय मिरवतो आणि इस्रायली पाहुण्यांना आवर्जून तिथे नेतो. म्हणजे चीनविरुद्ध बोलणाऱ्या रब्बीच्या मनात हाही विचार येत असणार, की या गावानं आमची माणसं ठेवून घेतली होती.

वकीलीण
तेव्हाचं शांघाय निम्मं परदेशी सत्तांच्या वसाहतींचं आणि निम्मं जपान्यांच्या ताब्यातलं. आजच्या सरकारचा त्यात हात नाही. उपकार शहराचे, पक्षाचे नव्हेत. पण मुद्दा कळला.

सातमजली
आणि मुसलमान देश? उइघुर त्यांचे भाऊबंद ना?

गोदावरी_काठ
६ ऑक्टोबर २०२२. वकीलीणबाईंनी सांगितलेल्या त्या ऑगस्टच्या अहवालावर नुसती चर्चा करायची की नाही यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत मतदान झालं. बाजूनं १७, विरोधात १९, तटस्थ ११. चर्चासुद्धा झाली नाही. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, अमिराती चीनच्या बाजूनं. मुसलमान देशांपैकी चर्चेच्या बाजूनं एकटा सोमालिया. भारत तटस्थ.

सातमजली
बरं.

मॉस्कोरिटर्न
तटस्थ म्हणजे श्तादलान का हो तेलीकाका?

शनिवारतेली
नाही. श्तादलान निदान दरबारात जाऊन काहीतरी मागतो.

संपादक मंडळ
सर्व सदस्यांना विनंती, भारताच्या परराष्ट्र धोरणावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषय चालू ठेवावा.

अर्धाकप
अकरा! तटस्थांची संख्याही तेवढीच. योगायोग समजावा.

वाचनमात्र
सहा वर्षं नुसती वाचते, आज पहिला प्रतिसाद.

अर्जेंटिनाचं कुणी लिहिलं नाही. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही ब्युनोस आयर्सला तीन वर्षं होतो. तिथे मार्शल मेयर यांचं नाव अजून आदरानं घेतात. मूळचे अमेरिकन रब्बी, १९५९ मध्ये तिथे गेले. १९७६ ते ८३ लष्करी राजवट, माणसं गायब व्हायची, आणि गायब होणाऱ्यांत लोकसंख्येच्या मानानं ज्यू खूप जास्त. तिथल्या ज्यूंच्या मुख्य संघटनेचं धोरण होतं गप्प राहायचं, उगीच चिथावणी नको. मेयर उठून तुरुंगात जायचे. पत्रकार हाकोबो टिमरमनला भेटले, आणि ज्यूंनाच नव्हे तर ख्रिश्चन, नास्तिक, ज्याला भेटू देतील त्याला भेटायचे. आपल्या सिनेगॉगमध्ये हरवलेल्यांच्या आयांना उभं केलं. लोकशाही आल्यावर बेपत्तांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगावर त्यांना घेतलं.

आता सांगा, त्यांच्यासाठी ती राजवट परकी होती की घरची? पासपोर्ट अमेरिकेचा होता. कधीही विमानात बसता आलं असतं. मला वाटतं मूळ प्रश्नात 'परक्या' हा शब्द आहे तिथेच गोची आहे. परकं-आपलं पासपोर्टवरून ठरत नाही, कुणाला सोडून जाता येतं आणि कुणाला नाही यावरून ठरतं. ज्याला जाता येतं तो बोलला नाही तर त्याच्याकडे सबब काय? गोल्डश्मिटना जाता आलं, लझार यांनी थांबायचं ठरवलं. मर्विस तर लंडनमध्येच बसलेत, त्यांचं कुणी काय वाकडं करणार होतं? म्हणून त्यांचं बोलणं मला शौर्य वाटत नाही. काम वाटतं.

थेम्सकाठची
वाचनमात्र, सहा वर्षं का थांबलात?! तुम्ही माझा प्रश्न माझ्याहून नीट मांडलात.

त्या पाटीवाल्या गृहस्थांबद्दल एक सांगायचं राहिलं. मर्विस यांचा लेख आला त्याच्या वर्षभर आधीपासून ते तिथे उभे होते. एकदा मी उतरून त्यांच्याशी बोलले. विचारलं की कुणी पाठवलं का तुम्हाला, तुमच्या रब्बींनी वगैरे. हसले. म्हणाले, रब्बींना अजून माहीतही नसेल. मग मला म्हणाले की तुमच्या छत्रीची काडी तुटलीय, डोळ्यात जाईल. संपलं आमचं बोलणं.

नाना_फटकळ
म्हणजे आधी पाटी, मग रब्बी, मग संसद. क्रम लक्षात घ्या म्हणतो मी फक्त.

वकीलीण
नाना चक्क बाजू बदलताहेत.

नाना_फटकळ
बाजू नाही, खुर्ची बदलली. पंखा तिकडे आहे.

शनिवारतेली
मंडळी, काल शनिवारी ठाण्याच्या आमच्या मशिदीत प्रार्थनेनंतर आमच्या जुन्या हजानांना हा धाग्याचा प्रश्न विचारला. वय ८४. सगळं नीट सांगितलं, चीन, मुसलमान, मुख्य रब्बींचा लेख. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, लंडनवाल्यांनी लिहिलं ते चांगलं केलं. पण मला तू हे सांग, पुढच्या शनिवारी दहा पुरुष भरतील का? प्रार्थनेला दहा लागतात ना. आज नऊ होतो आम्ही. दहाव्याला मागच्या गल्लीतून उठवून आणला, तो बिचारा पायजम्यातच आला.

अर्धाकप
पुढच्या शनिवारचे किती झाले मग?

शनिवारतेली
सात नक्की. दोघं 'बघतो' म्हणालेत. पायजमेवाला धरून.